फॅन बंद करा आणि सांगाड्यांचा नाच ऐका

३१ ऑक्टोबरला हॅलोविन म्हणून कॉलेज रोडला जाऊन भोपळ्यासोबत सेल्फी काढायचे तर काढा, पण खरंच टरकायचं असेल तर घरी लाइट घालवून पाश्चात्त्य क्लासिकल ऑर्केस्ट्रा ऐका. तेव्हा नाशिकला रात्री जरा गारवा सुटलेला असतो, त्यामुळे फॅन बंद करता येतो, आणि हे फार महत्त्वाचंय कारण या म्युझिकमधली भीती बारीक आवाजात असते.

मोबाइलच्या स्पीकरवर तर अजिबात नको. ग्रीग या संगीतकाराचं 'इन द हॉल ऑफ द माउंटन किंग' घ्या, सुरुवातीला चेलो, डबल बेस आणि बॅसून ही वाद्यं अशी खर्जात दबक्या पावलांनी येतात की मोबाइलवर काही कळतच नाही, मग आपण आवाज वाढवतो आणि अडीचेक मिनिटात तीच चाल वेग घेत घेत अशी अंगावर येते की शेजारच्या काकू बेल वाजवतात (अनुभव आहे). हेडफोन घाला, शेवट कानांना झेपेल एवढाच आवाज ठेवा.

नवीन असाल तर सां-साँसचं 'दांस माकाब्र' पहिलं लावा, १८७४ चं, सातेक मिनिटांचं. गोष्ट आधी माहीत पाहिजे: मध्यरात्री मृत्यू स्मशानात व्हायोलिन वाजवतो आणि सांगाडे उठून नाचतात. सुरुवातीला हार्पचा एकच सूर मोजा, बरोब्बर १२ वेळा, ते बाराचे ठोके. मग व्हायोलिन जे किंचाळतं ना, त्यासाठी त्याची सगळ्यात वरची तार मुद्दाम अर्धा सूर उतरवलेली असते, पेटीवर सा आणि तीव्र म एकदम दाबून बघा, तोच कडवटपणा. झायलोफोनची (लाकडी पट्ट्या ठोकून वाजवतात तो) खटखट म्हणजे हाडं. शेवटी ओबो (सनईसारखं फुंकायचं वाद्य) आरवतो. आमच्या आजीला ऐकवलं तर तिला ओबो-बिबो काही माहीत नाही, पण तेवढ्यात म्हणाली, "कोंबडा आरवला रे, गेली भुतं!"

धीर आला की बर्लियोझच्या 'सिम्फनी फांटास्टिक'चा (१८३०) पाचवा भाग, त्यात घंटा वाजतात आणि मेलेल्यांसाठीची जुनी चर्चमधली चाल येते, तिथे मी तरी लाइट लावतो. मुसोर्गस्कीचं 'नाइट ऑन बाल्ड माउंटन' मात्र १८६७ चं मूळ शोधा, रिम्स्की-कोर्साकोव्हने नंतर नीटनेटकं केलेलं शेवटी पहाट करून सगळं शांत करतं, मूळ तसं सोडत नाही.

आणि चिवडा नंतर खा भो, हेडफोन घातल्यावर दाण्यांचा कुडुमकुडुम हाडांपेक्षा मोठा येतो.