वरकस जमिनीत कारळे कसे घ्यावे

सप्टेंबर-ऑक्टोबरात कसारा घाट चढून इगतपुरीकडे निघालात, की डोंगरउतारावर पिवळे पट्टे दिसू लागतात. मुंबईहून आलेली मंडळी त्या सगळ्यालाच सोनकीची रानफुले म्हणून फोटो काढतात. पण पट्ट्याला बांध असेल तर ते बहुधा कारळे. दोन्ही सूर्यफुलाच्याच कुळातली. कारळ्याच्या फुलाला साधारण आठ पाकळ्या असतात आणि प्रत्येकीच्या टोकाला तीन दाते. नाशिककडे या तेलबियांच्या पिकाला खुरासणी म्हणतात. मूळ घर मात्र इथिओपियाच्या डोंगरात.

जमीन वरकस, म्हणजे हलकी, मुरमाड, उताराची असली तरी चालते, पाणी साचणारी नको. एखादी नांगरट, दोन कुळवाच्या पाळ्या आणि असेल तेवढे कुजलेले शेणखत. यापेक्षा जास्त लाड या पिकाला लागत नाहीत.

पेरणी जूनअखेरपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत करता येते. भाताची लावणी आटोपल्यावर याकडे वळणारे पुष्कळ. एकरी दोन किलो बी पुरते. बी इतके बारीक की नुसते पेरले तर एका जागी मूठभर पडते आणि पुढची ओळ रिकामी राहते, म्हणून ते वाळूत किंवा चाळलेल्या शेणखतात मिसळून घ्यावे. दोन ओळींत 30 सेंमी अंतर आणि खोली दोन-तीन सेंमी. पंधरा-वीस दिवसांनी विरळणी करून दोन रोपांत 10 सेंमी ठेवा. दाट पीक डोळ्यांना बरे दिसते, पण त्याला फांद्या फुटत नाहीत आणि फांदी नाही तर फूलही नाही.

बियाण्यात खरा धोका अमरवेलीचा, म्हणजे पिकाला चिकटून त्याचाच रस शोषणाऱ्या तणाच्या वेलीचा. तिचे बी कारळ्याहून बारीक असते, म्हणून पेरण्याआधी एक मिलिमीटरच्या चाळणीने बी चाळावे आणि खाली पडलेले जाळून टाकावे. शेतात पिवळे धागे दिसलेच, तर धाग्यासकट कारळ्याची झाडेही उपटा. नुसती वेल ओढून काही होत नाही, राहिलेला तुकडा पुन्हा चिकटतो. हे काम तिला फुले येण्याआधीच झाले पाहिजे, कारण बी एकदा मातीत पडले की वर्षानुवर्षे जिवंत राहते. अशा शेतात पुढे नाचणी किंवा वरई घ्यावी, गवतवर्गीय पिकांवर ही अमरवेल वाढत नाही. अमेरिकेत पाखरांना घालायला कारळे आयात होतात. तिथे असल्याच तणांच्या भीतीने ते भाजून निर्जीव केल्याशिवाय आत घेत नाहीत!

दुसरी गोष्ट मधमाशी. कारळ्याला स्वतःच्या परागाने दाणा धरत नाही, पराग दुसऱ्या झाडावरूनच यावा लागतो. भरघोस फुलूनही बोंडे पोकळ निघाली, तर खताला दोष देण्याआधी शेतात माश्या किती फिरत होत्या ते आठवा. सातेरी, म्हणजे पाळता येणाऱ्या देशी मधमाश्यांच्या पेट्या ठेवता आल्या तर उत्तम. नाहीतर निदान बांधावरची झाडे आणि झाडांच्या ढोलीतली पोळी राखा. फुलोऱ्यात कीटकनाशक फवारू नका. फवारणी टळणारच नसेल, तर माश्या परतल्यावर संध्याकाळी करा.

साधारण शंभर दिवसांत पाने वाळतात, बोंडे तपकिरी-काळी पडतात. सगळे शेत कडक वाळेपर्यंत थांबलात तर दाणे जमिनीवर गळतील. कापणी सकाळी दव असताना करा. पेंढ्या खळ्यावर दोन-तीन दिवस उन्हात उभ्या ठेवा, मग काठीने झोडपा आणि उफणा.

केंद्र सरकारने 2025-26 साठी क्विंटलला 9,537 रुपये हमीभाव जाहीर केला होता. तरी व्यापाऱ्याकडे जाण्याआधी बी नीट वाळवून साफ करून घ्या, माती-काडीचे कारण पुढे करून भाव पाडला जातो. घरासाठी चटणीपुरते कारळे ठेवा, तेल मात्र थोडे थोडे काढून आणा. हे तेल लवकर खवट होते. पेंड दुभत्या जनावरांना चालते.