थकवा, चक्कर, धाप: रक्ततपासणीला सुरुवात कुठून करावी

सतत थकवा, जिना चढताना धाप, चक्कर, केस गळणे किंवा हातापायांना मुंग्या येणे अशा तक्रारी असतील तर लॅब गाठण्यापूर्वी त्रास कधीपासून आहे, झोप किती होते, पाळीत अंगावरून जास्त जाते का आणि कोणती औषधे चालू आहेत हे कागदावर लिहून काढावे व तो कागद डॉक्टरांना दाखवावा. छातीत दुखत असेल, शुद्ध हरपली असेल किंवा शौचास काळी होत असेल तर मात्र थेट रुग्णालयात जावे. सत्तर-ऐंशी तपासण्यांच्या स्वस्त पॅकेजचा मोह आवरावा. रिपोर्टवरील मर्यादा बहुधा ९५ टक्के निरोगी लोक त्यांत बसतील अशा बेताने आखलेल्या असतात, त्यामुळे धडधाकट माणसाच्याही वीस तपासण्यांत एखादा आकडा बाहेर जाऊ शकतो आणि घरात विनाकारण धास्ती शिरते.

थकव्यासाठी आधी सीबीसी, म्हणजे रक्तातील पेशींची मोजणी, करावी. हिमोग्लोबिन स्त्रियांमध्ये १२ आणि पुरुषांमध्ये १३ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर रक्तक्षय समजतात, पण खरी दिशा त्याखालचा एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार, दाखवतो. तो ८० च्या खाली असेल तर लोहाची कमतरता संभवते आणि फेरिटिन, म्हणजे अंगातील लोहाचा साठा, तपासावे लागते. १०० च्या वर असेल तर बी-१२ किंवा फॉलिक ॲसिडकडे पाहावे. दोन्ही कमतरता एकत्र असतील तर एमसीव्ही नॉर्मलही दिसतो, म्हणून शाकाहारी घरातील माणसाला मुंग्या येत असतील तर बी-१२ स्वतंत्रपणे तपासून घ्यावे.

खानदेशात आणखी एका गोष्टीची दखल घ्यावीच लागते. सातपुड्याच्या पट्ट्यात, विशेषतः नंदुरबार जिल्ह्यातील भिल्ल व पावरा समाजांत, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. या आजारात लाल पेशी लवकर फुटतात म्हणून हिमोग्लोबिन उतरते, आणि अंगात लोह पुरेसे असूनही केवळ त्या एका आकड्यावरून महिनोन्महिने गोळ्या दिल्या जाण्याची भीती असते. वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णात तर लोह साचून यकृताला आणि हृदयाला इजा होते. सोल्युबिलिटी टेस्ट ही सिकलसेलची प्राथमिक चाचणी पॉझिटिव्ह आली तरी व्यक्ती केवळ वाहक आहे की रुग्ण, हे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या चाचण्यांनीच ठरते. सिकलसेल असलेल्यांच्या साखरेचा अंदाज एचबीए१सीवरून (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) बांधू नये, कारण पेशींचे आयुष्यच कमी असल्याने तो आकडा फसवा येतो.

उपाशीपोटी साखरेसाठी आठ तास काही खाऊ नये. साधे पाणी चालते, आणि वैशाख-वणव्यात शेतातून आलेल्या माणसाने ते प्यावेच, कारण अंगातील पाणी कमी झाले की हिमोग्लोबिन आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन दोन्ही वाढलेले दिसतात. केसांसाठीच्या गोळ्यांतील बायोटिनमुळे थायरॉईडचे आकडे बिघडतात, तेव्हा त्या किती दिवस आधी थांबवायच्या हे विचारून घ्यावे. बी-१२ चे इंजेक्शन नमुना दिल्यानंतरच घ्यावे.

लोहाच्या गोळ्या सुरू झाल्यावर साधारण महिन्याने हिमोग्लोबिन पुन्हा पाहावे. ते नॉर्मल झाले तरी साठा भरून येण्यासाठी डॉक्टर बहुधा आणखी तीन महिने गोळ्या चालू ठेवतात, आणि ते वाढतच नसेल तर रक्त कुठून जाते आहे याचा शोध त्यांच्याकडून घ्यावा.