सुट्या पॉवर कॉर्ड आणि अडॅप्टर : साठवताना या चुका टाळा

बहुतेक वर्कशॉपमध्ये एक खोके असे असतेच, ज्यातून एक अडॅप्टर ओढावा तर त्याच्यासोबत चार वायरी गुंतून बाहेर येतात. गुंता सोडवायला वेळ जातो हे खरे, पण त्याने कोणाचे नुकसान होत नाही. नुकसान होते ते यामुळे, की खोक्यातील निम्मे अडॅप्टर मुळात कोणत्या उपकरणाचे होते हे कोणालाच आठवत नाही आणि तरीही अडचणीच्या वेळी त्यांतीलच एखादा बिनदिक्कत लावला जातो.

पिन बसली म्हणजे अडॅप्टर जुळला, ही समजूत या सगळ्याच्या मुळाशी आहे. पिनेच्या आकारावरून अडॅप्टरांचे गट पाडणारे लोक तर ही चूक पद्धतशीरपणे करतात. ५.५ मिमी बाह्य व्यासाची गोल पिन ५ व्होल्टच्या अडॅप्टरवर मिळते, १२ च्याही आणि २४ च्याही. तिचा आतील व्यास २.१ मिमी आहे की २.५ मिमी, हे नुसत्या नजरेला कळत नाही. बहुतेक अडॅप्टरांत पिनेचा मधला भाग धन असतो, पण गिटारच्या ९ व्होल्टवर चालणाऱ्या इफेक्ट पेडलांना सहसा मधला भाग ऋण असलेला अडॅप्टर लागतो. थोडक्यात, पिनेचा आकार विद्युतदाबाविषयी काहीही सांगत नाही.

आमच्याकडे एक छोटा ऑडिओ अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीला आला होता. तक्रार एवढीच होती की आवाजाची खुंटी फिरवताना खरखर होते. ग्राहकाने सोबत अडॅप्टर दिलेला नव्हता. शिकाऊ मुलाने खुंटीचे काम नीट केले आणि तपासणीसाठी खोक्यातून ‘१२ व्होल्ट’ एवढेच वाचता येणारा अडॅप्टर काढून लावला. अ‍ॅम्प्लिफायर सुरू झाला, पण स्पीकरमधून जाड घुमणारा आवाज येऊ लागला. मुलाने अर्थिंगचे टाके पुन्हा मारले, शील्डची वायर बदलली, नवीन खुंटीही काढून दुसरी बसवली. अडॅप्टरकडे मात्र त्याने एकदाही संशयाने पाहिले नाही. शेवटी आतील १६ व्होल्टच्या कपॅसिटरचे (वीज साठवणाऱ्या भागाचे) डोके फुगले, तेव्हा मल्टिमीटर बाहेर आला. डीसीवर, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेच्या मापावर, काटा जवळपास शून्यावर आणि एसीवर, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या विजेच्या मापावर, १४ व्होल्ट! बॅटरीच्या उजेडात तिरके धरून पाहिल्यावर १२ च्या पुढे पुसट झालेले नागमोडी चिन्ह दिसले. तो अडॅप्टर एसी देणारा होता. उलट जोडणीपासून बचाव करण्यासाठी बसवलेल्या डायोडमुळे (वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागामुळे) अ‍ॅम्प्लिफायर एसीच्या अर्ध्याच लहरीवर कसाबसा चालत होता, म्हणूनच तो घुमत होता. शिवाय १४ व्होल्ट एसीचे शिखर जवळजवळ २० व्होल्टपर्यंत जाते, ते त्या कपॅसिटरला कसे झेपावे?

तेव्हापासून आमच्याकडे अडॅप्टर खोक्यात जाण्यापूर्वी मीटरवर तपासला जातो आणि त्याला कागदी चिकटपट्टी लागते. तिच्यावर व्होल्ट, अँपिअर, एसी की डीसी, मधला भाग धन की ऋण आणि मूळ उपकरणाचे नाव लिहिलेले असते. एक पट्टी अंगावर आणि दुसरी पिनेजवळ, कारण एक्स्टेन्शन बोर्डात लावलेल्या अडॅप्टरचे अंग टेबलाखाली असते आणि हातात फक्त पिन येते. हे काम उपकरण भंगारात जाते त्याच दिवशी करावे. लेबल छापण्याचे यंत्र आणून मग एकदाच सगळे नीट लावू, असे म्हणणाऱ्यांची खोकी मी वर्षानुवर्षे तशीच पाहत आलो आहे.

कप्पे व्होल्टनुसार करावेत आणि एसी देणारे अडॅप्टर वेगळ्या खणात ठेवावेत. बॅटरीचे चार्जरही अडॅप्टरांत मिसळू नयेत. लिथियमच्या तीन सेलांसाठीचा १२.६ व्होल्टचा चार्जर दिसायला १२ व्होल्टच्या अडॅप्टरसारखाच असतो. जुने, वजनदार, ट्रान्सफॉर्मरवाले अडॅप्टर भार नसताना १२ च्या जागी १६-१७ व्होल्टही दाखवतात, तेव्हा त्यांच्यावर तसे लिहून ठेवावे. नवशिके भितात ते अँपिअरला, व्होल्टकडे मात्र पाहतही नाहीत. व्होल्ट तेवढेच हवेत. अँपिअर जास्त असले तर बिघडत नाही, कमी असले तर बिघडते.

दुसरी चूक घाईची आहे. अडॅप्टर उचलायचा, वायर त्याच्या अंगाभोवती ताणून गुंडाळायची आणि टोक खोचून द्यायचे. वायर जिथे अंगातून बाहेर पडते तिथेच ती काटकोनात वाकते आणि आतील तांब्याचे केस एकेक करून तुटतात. बाहेरून आवरण शाबूत दिसते. उपकरण मात्र वायर हलवली की बंद पडते, आणि उरलेल्या थोड्या केसांतून पूर्ण प्रवाह गेल्याने ती जागा तापते. मी अंगाजवळ चार बोटे वायर सैल सोडतो, उरलेल्या वायरीची वीतभर रुंद वेटोळी करतो आणि वेल्क्रोची पट्टी लावतो. वायर ज्या बाजूला स्वतःहून वळते त्याच बाजूला तिला वळू द्यावे, जबरदस्ती करू नये. रबरबँड काही काळाने चिकट होऊन आवरणाला डिंकासारखा बसतो, आणि प्लॅस्टिकची टाय आवळून लावली की आवरणात रुतते.

पत्र्याच्या छताला लागून असलेल्या फळीवर वायरी ठेवू नयेत. ओल असलेल्या भिंतीजवळ पिना काळ्या पडतात. मऊ पीव्हीसीची वायर पॉलिस्टायरीनच्या पारदर्शक डब्यात महिनोन् महिने ठेवली, तर डब्यावर तिचा वितळल्यासारखा ठसा उमटू शकतो.

पॉवर कॉर्डच्या बाबतीत आवरणावर छापलेला आकडा वाचावा. संगणकाच्या मागे लागणारे तीन पिनांचे तोंड सगळ्या कॉर्डना सारखेच असते, पण आतील तार कुठे ०.७५ चौरस मिमी असते, कुठे १, तर कुठे १.५. मॉनिटरची बारीक, लांबलचक कॉर्ड जास्त वीज खाणाऱ्या यंत्राला लावू नये, म्हणून जाड कॉर्ड वेगळ्या खुंटीवर टांगाव्यात. अर्थिंगची पिन तुटलेली कॉर्ड ‘असू दे, कामाला येईल’ म्हणून ठेवणे मला मान्य नाही. ती टाकतानाही आधी प्लग मुळापासून कापावा, नाहीतर कोणीतरी ती चांगली समजून पुन्हा खोक्यात आणून ठेवतो.