निर्गुडीचं तेल गुडघ्याला लागू पडतं का, घरी कसं तपासायचं

आमच्या खानापूरकडे गुडघा धरला म्हटलं की कोणीतरी निर्गुडीचा पाला घेऊन दारात हजर. कानडी शेजारी तिलाच लक्की म्हणतात. आमच्या हिचे गुडघे झिजलेत. तेल लावलं, चार दिवसांत उतार पडला. पण मी पडलो विज्ञानाचा मास्तर. उतार पाल्यानं पडला, चोळण्यानं, की आपसूक? हे दुखणं चढतं-उतरतं, आणि तेलाची बाटली आपण काढतो ती नेमकी चढलेल्या दिवशी.

मग आम्ही दोन तेलं केली. एकात 250 मिली तीळतेल, लिटरभर पाल्याचा रस, 60 ग्रॅम वाटलेला पाला, मंद आचेवर. चोथ्याची वात वळून दिव्यावर धरायची. तडतडली तर पाणी अजून आहे. आमची दोनदा तडतडली. दुसरं नुसतं तापवलेलं तीळतेल. निवल्यावर दोन्हींत चिमूटभर कापूर, नाहीतर वासच चुगली करतो. गडद बाटल्या, ‘क’ आणि ‘ख’. कशात काय, ते फक्त सूनबाईला ठाऊक. हिरवट रंग तळहातावर दिसायचा, म्हणून मी दिवा मालवून चोळायचो!

आधी मनगटाजवळ थेंब लावून दिवसभर बघा, खाज सुटली तर सोडा. पहिला आठवडा काही न लावता नुसती नोंद. पुढे आठ आठवडे, म्हणजे दोन-दोन आठवड्यांच्या चार जोड्या: एक आठवडा एक बाटली, पुढचा आठवडा दुसरी. दर जोडीत आधी कुठली बाटली हे सूनबाई नाणं उडवून ठरवणार. चोळणं रोज दहाच मिनिटं.

नोंद अशी: रोज सकाळी कोऱ्या कागदावर 10 सेंटिमीटरची रेघ. डावं टोक म्हणजे दुखतच नाही, उजवं म्हणजे सोसवत नाही. दुखणारा खूण करतो, आपण पट्टीनं मोजायचं. कालची रेघ दाखवायची नाही. पॅरासिटामॉल किती घेतल्या, तेही लिहा.

बोटांचे सांधे सुजून सकाळी तासभर आखडत असतील, किंवा सांधा लाल, गरम होऊन ताप असेल, तर हा खेळ नको, डॉक्टर गाठा. मेथोट्रेक्सेट ही आमवाताची गोळी चालू असेल तर ती स्वतःहून बंद करू नका. पाल्याचा काढा पोटात घेणं वेगळं, ते यात नाही.

हे उत्तर एकाच माणसापुरतं. सगळ्यांसाठीचं काढायला बरीच माणसं लागतात. पारंपरिक औषधांवर संशोधन करणारी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) राष्ट्रीय संस्था आपल्या बेळगावातच आहे.

आमचं म्हणाल तर ‘क’ आणि ‘ख’ जवळजवळ सारखे निघाले, आणि दोन्ही पहिल्या कोरड्या आठवड्यापेक्षा बरे. निर्गुडी आता कुंपणालाच आहे. दहा मिनिटांचं चोळणं मात्र माझ्या गळ्यात कायमचं पडलं.