घडत असलेल्या सॉफ्टवेअरवर पुस्तक लिहिताना

एखादे ओपन सोर्स सॉफ्टवेअर पुरते स्थिर होईपर्यंत पुस्तक लिहायचे थांबावे, तर ज्या वाचकांना त्या पुस्तकाची सर्वांत जास्त गरज असते ते तोवर चाचपडत पुढे निघून गेलेले असतात. लवकर लिहावे, तर छापून होईपर्यंत निम्मी उदाहरणे मोडलेली असतात. हा पेच पूर्णपणे सुटत नाही, परंतु कामाची पद्धत पहिल्या दिवसापासून नीट बसवली तर त्यातून चांगले पुस्तक निश्चित निघते. मराठीत सॉफ्टवेअरचीही आवृत्ती असते आणि पुस्तकाचीही. गल्लत होऊ नये म्हणून येथे सॉफ्टवेअरसाठी ‘व्हर्जन’ आणि पुस्तकासाठी ‘आवृत्ती’ हा शब्द वापरला आहे.

लेखन सुरू करण्यापूर्वी त्या प्रकल्पाची चाल ओळखावी. सिमँटिक व्हर्जनिंग या व्हर्जनला आकडे देण्याच्या प्रचलित पद्धतीच्या नियमांनुसार पहिला आकडा शून्य असेपर्यंत काहीही, कधीही बदलू शकते, आणि ही सूचना शब्दशः खरी मानावी. पण आकड्यापेक्षा वेळापत्रक अधिक सांगून जाते. पायथॉनची नवी व्हर्जन्स ३.९ पासून दरवर्षी ऑक्टोबरच्या सुमारास येतात आणि पहिल्या बीटानंतर, म्हणजे चाचणीसाठी दिलेल्या व्हर्जननंतर, त्यांत नवी वैशिष्ट्ये घेतली जात नाहीत, म्हणून नव्या वैशिष्ट्यांवरचे प्रकरण त्या बीटानंतरच लिहायला घ्यावे. रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेचे नवे व्हर्जन दर सहा आठवड्यांनी येते, मात्र १.० नंतर जुना कोड चालत राहील याची हमी त्या प्रकल्पाने दिलेली आहे. याउलट पर्ल ६ ची घोषणा २००० साली झाली, पहिले स्थिर व्हर्जन डिसेंबर २०१५ मध्ये आले आणि २०१९ मध्ये भाषेचे नावच बदलून राकू झाले. ज्या प्रकल्पाला वेळापत्रकच नाही, त्यासाठी एक साधी परीक्षा आहे: वर्षभरापूर्वी लिहिलेला एखादा छोटा प्रोग्रॅम आजच्या व्हर्जनवर चालवून पाहावा आणि किती ठिकाणी दुरुस्ती करावी लागते ते मोजावे. तेवढीच पडझड पुढच्या वर्षी आपल्या पुस्तकाची होणार, असे धरून चालावे.

पडझड कशी होते, हे जँगो या पायथॉनमधील वेब फ्रेमवर्कच्या एका ओळीत जवळून पाहता येते. एका मॉडेलचा (डेटाबेसमधल्या तक्त्याच्या वर्णनाचा) दुसऱ्याशी संबंध जोडणारे ‘फॉरेन की’ हे फील्ड १.८ मध्ये केवळ दुसऱ्या मॉडेलचे नाव देऊन लिहिता येत असे. डिसेंबर २०१७ मध्ये २.० आले आणि जोडलेली नोंद पुसली गेल्यास काय करायचे ते सांगणारे ‘ऑन डिलीट’ हे आर्ग्युमेंट सक्तीचे झाले. तेव्हापासून जुन्या पुस्तकातली ती ओळ जशीच्या तशी उतरवून घेणारा वाचक ‘टाइप एरर’पाशी अडकू लागला. चूक त्याची नव्हती, पण नवशिक्याला ते कळायचे कसे? तो स्वतःलाच दोष देतो आणि पुस्तक मिटतो. या बदलाची पूर्वसूचना १.९ पासून, म्हणजे दोन वर्षे आधीच मिळत होती, आणि ते आर्ग्युमेंट स्पष्टपणे लिहिण्याची सोय १.८ मध्येही होती. ते लिहिले असते, तर तीच ओळ दोन्हीकडे चालली असती. म्हणून डेप्रिकेशनची, म्हणजे एखादी सोय पुढे काढून टाकली जाणार असल्याची, प्रत्येक सूचना एरर समजावी आणि आपली साधनेही तशीच लावून ठेवावीत. पायथॉनमध्ये त्यासाठी कमांड लाइनवर एक पर्याय दिला की पुरते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पुस्तकातला कोड हस्तलिखितात कधीही टाइप करू नये. तो स्वतंत्र फायलींत, चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या रूपात ठेवावा आणि मजकुरात त्याचा केवळ हवा तेवढा भाग ओढून घ्यावा. आस्कीडॉक या मजकूर लिहिण्याच्या पद्धतीत कोडच्या फायलीत कॉमेंट लिहून भागाची सुरुवात आणि शेवट टॅगने दाखवता येतो. प्रकरणात तो टॅग नमूद केला की तेवढ्याच ओळी पानावर येतात. रस्टसाठी मजकुरातले कोडचे तुकडे थेट तपासून देणारी साधने आहेत, पायथॉनमध्ये त्याच कामासाठी डॉकटेस्ट आहे. मग रोज रात्री सर्व उदाहरणे आपोआप दोन प्रकारे चालवावीत: एकदा पुस्तकासाठी ठरवलेल्या व्हर्जनवर आणि एकदा प्रकल्पाच्या विकासशाखेवर, म्हणजे पुढचे व्हर्जन जिथे घडत असते त्या कोडवर. पहिली चाचणी पडली तर बहुधा आपण काहीतरी बिघडवले आहे, ते त्याच दिवशी दुरुस्त करावे. फक्त दुसरी पडली तर प्रकल्पात बदल येऊ घातला आहे; तो टिकतो की मागे घेतला जातो हे पाहावे, आणि तोवर मजकुराला हात लावू नये. या दोन बातम्या वेगळ्या ठेवल्या नाहीत, तर लेखक रोजच्या बदलांमागे धावत राहतो आणि पुस्तक पुढे सरकत नाही.

एरर मेसेजही जपून छापावेत. कंस बंद करायचा राहिला तर जुना पायथॉन पुष्कळदा पुढच्याच ओळीकडे बोट दाखवत असे, ३.१० पासून कंस बंद झाला नसल्याचे तो स्पष्ट सांगतो. सुधारणा चांगलीच आहे, पण जुना मेसेज अक्षरशः उद्धृत करणारे पान त्या दिवशी शिळे झाले. एररचा प्रकार सांगावा आणि तिचे कारण समजावावे. स्क्रीनशॉट तर शक्य तितके टाळावेत. जाहीर झालेल्या पण अद्याप न आलेल्या वैशिष्ट्यावर प्रकरण बेतणे म्हणजे बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. त्याचा उल्लेख एका वाक्यात करून पुढे जावे. याउलट रचना अशी का आहे, कोणता पर्याय नाकारला गेला आणि कशासाठी, हा मजकूर दीर्घकाळ टिकतो. तो चर्चांच्या नोंदींत आणि प्रस्तावांत विखुरलेला असतो. रस्टमध्ये आरएफसी, पायथॉनमध्ये पेप या नावाचे बदलांचे लेखी प्रस्ताव हे त्याचे ठिकाण. तेथे घालवलेला आठवडा मला कधीही वाया गेलेला वाटत नाही.

विकसकांशी बोलणे लवकर सुरू करावे. एखादे फंक्शन समजावताना तीन परिच्छेद अपवादांतच खर्च होऊ लागले, तर दोष बहुतेक वेळा लेखणीत नसून त्या इंटरफेसमध्ये असतो. नेमके उदाहरण देऊन तशी नोंद करावी. स्थिर व्हर्जन येण्यापूर्वी ती दुरुस्ती शक्य असते, नंतर जुना कोड सांभाळण्याच्या बंधनापुढे कोणाचेच चालत नाही. मात्र अधिकृत डॉक्युमेंटेशनमधला मजकूर उचलण्यापूर्वी त्याचा परवाना स्वतंत्रपणे वाचावा, कारण कोडचा परवाना मजकुरालाही लागू असतोच असे नाही.

छपाईला पाठवण्याच्या काही आठवडे आधी व्हर्जन गोठवावे, कोड ज्यांवर अवलंबून आहे त्या सर्व लायब्ररींच्या व्हर्जनचे नेमके आकडे लॉकफाइल या नोंदीच्या फायलीत नोंदवावेत आणि पूर्ण आकडा पहिल्याच प्रकरणात लिहावा. ‘नवीनतम व्हर्जन घ्या’ असे कधीही लिहू नये. कोडच्या रिपॉझिटरीत (कोड आणि त्यातले बदल साठवण्याच्या जागेत) त्या आवृत्तीचा गिट टॅग, म्हणजे त्या क्षणीच्या कोडला दिलेली नावाची खूण, लावून ठेवावा. पुढच्या व्हर्जनसाठी लागणारे बदल वेगळ्या शाखेत करावेत आणि शुद्धिपत्रात पृष्ठक्रमांक, जुनी ओळ, नवी ओळ आणि ती कोणत्या व्हर्जनपासून लागू होते, एवढे सगळे द्यावे. छापील पानाशी जुळणारा कोड त्या टॅगवर कायम तसाच राहू द्यावा, कारण तीन वर्षांनी पुस्तक उघडणारा वाचक पानावरची ओळ आणि पडद्यावरची ओळ शेजारी शेजारी ठेवूनच शिकणार असतो.