टँकर भरण्याआधी वॉकी-टॉकीची तयारी

सकाळी इथेनॉलचा टँकर भरून निफाडकडून पानेवाडीच्या इंधन डेपोला पाठवायचा असेल, तर तयारी आदल्या संध्याकाळीच चार्जरपाशी सुरू होते. वॉकी-टॉकीचे सगळे सेट सिक्युरिटी केबिनमध्येच चार्ज करा. सुटी बॅटरी गॅन्ट्रीवर, म्हणजे टँकर भरायच्या मचाणावर, खिशातूनसुद्धा जाता कामा नये. आमच्याकडे एका नव्या पोराने टँकरच्या झाकणाशेजारी उभं राहून, अंगठ्याने खटका दाबत, बॅटरी बदलली होती. काही झालं नाही, पण बॅटरी सुटताना तिच्या पट्ट्यांवर ठिणगी पडू शकते, आणि झाकण उघडं होतं.

मग लेबलं वाचा, सेटचं वेगळं आणि बॅटरीचंही वेगळं. त्यावर ‘एक्स’ची खूण (स्फोटाचा धोका असलेल्या जागी चालेल असं सर्टिफिकेट) हवी, कुठल्या वाफेत चालेल तो गॅसचा गट हवा आणि तापमानाचा वर्ग हवा. टी-4 म्हणजे पृष्ठभाग 135 अंशांच्या वर तापणार नाही. सेट सर्टिफाइड आणि बॅटरी साधी, ही जोडी सर्रास सापडते. तो सेट साधाच समजा. पडून तडा गेलेला, कुठल्याही दुकानात उघडून दुरुस्त केलेला, किंवा रेंज वाढावी म्हणून एमजी रोडवरून आणलेली लांब अँटेना लावलेला सेट बाजूला काढा. तिथे वाद घालू नका.

रेडिओच्या लहरींनी कुठे आग लागते का, हे लोक हसून विचारतात. लोडिंग आर्म (टँकरमध्ये इंधन सोडणारी हलती नळी) आणि पाइप मिळून स्वतःच अँटेनासारखे वागतात, त्यांत करंट येतो आणि ढिला जोड उघडला की तिथे ठिणगी पडते. म्हणून आयईसी 60079-0 या आंतरराष्ट्रीय मानकात लहरींच्या ताकदीची मर्यादा दिली आहे: इथेनॉल ज्यात येतं त्या टू-बी या गॅसच्या गटाला 3.5 वॉट, हायड्रोजनच्या टू-सीला 2 वॉट. हातातला साधा सेट चार-पाच वॉटचा असतो. गाडीत बसवलेला 25 वॉटचा तर गेटबाहेरच ठेवा. तो किती लांब ठेवायचा ते डोळ्यांच्या अंदाजाने ठरवू नका, जाणकाराकडून काढून घ्या.

थंडीचा भरवसा धरू नका. निफाडला जानेवारीत पहाटे पारा पाच-सहावर येतो, इथेनॉलचा फ्लॅशपॉइंट, म्हणजे ज्याच्या वर त्याची वाफ पेट घेऊ शकते ते तापमान, 13 च्या आसपास. नऊ-दहाला ऊन वर आलं की तो फरक संपला.

अर्थिंगचा क्लॅम्प रंगावर नको, खरवडलेल्या उघड्या धातूवर लावा. तो स्टॅटिकसाठी आहे, रेडिओसाठी नाही, आणि माझ्या लेखी स्टॅटिक हाच मोठा शत्रू. ड्रायव्हरदादांचा मोबाईल केबिनच्या लॉकरमध्ये ठेवून घ्या, गोड बोलून. ‘हॅलो, ऐकू येतंय का’ ही चाचणी गेटबाहेरच उरका. सेट मध्येच बंद पडला तर पंपवाल्याला कळावं म्हणून हाताची खूणही आधीच ठरवून ठेवा. आमच्याकडे दोन्ही हात वर म्हणजे पंप बंद.