शेवट न फोडता रहस्यकथा, न हसता भुताची गोष्ट

रहस्यकादंबरी गटात वाचायची तर मोठा धोका एकच: कुणीतरी शेवट फोडतो. म्हणून पुस्तक दोन बैठकांत वाटा. पहिली साधारण पाऊण पुस्तकापर्यंत, उलगड्याच्या अलीकडे. कुठे थांबायचं ते प्रकरणावरून ठरवा. पानांचे आकडे आवृत्तीगणिक बदलतात.

पहिल्या बैठकीत बोलण्याआधी प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचं: संशयित कोण, हेतू काय, कोणत्या वाक्यावरून संशय आला. आधी चर्चा झाली तर ठासून बोलणाऱ्याच्या मागे सगळे जातात. चिठ्ठ्या पाकिटात बंद. दुसऱ्या बैठकीत त्या उघडा आणि मागची पानं चाळून बघा, लेखकाने पुरावा समोर ठेवला होता की दडवला? इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांचे रहस्यकथा लिहिण्याचे १९२९ सालचे दहा नियम इथे मापाला बरे. पहिलाच म्हणतो, गुन्हेगाराचा उल्लेख कथेत लवकर आला पाहिजे. नियम मोडूनही पुस्तक जमलं असेल तर वाद खरा रंगतो.

भुताच्या गोष्टीला हा खटाटोप नको. वीस-पंचवीस मिनिटांत मोठ्याने वाचून होईल अशी निवडा आणि एकानेच वाचा. घोगरे आवाज काढू नका. लोक हसले की भीती गेलीच. शेवटच्या परिच्छेदात वेग कमी करा. नंतर 'भूत खरं होतं का?' असं विचारलं तर हो-नाहीत गप्पा आटोपतात. त्यापेक्षा 'पहिल्यांदा अस्वस्थ कुठे वाटलं?' हे विचारा. ती जागा बहुधा भुताच्या बरीच आधी सापडते: आतून लावलेली कडी, जास्तीचं एक ताट. रात्री झोप उडणारे कुणी असतील तर त्यांना विषय आधीच सांगून ठेवा.